लातूरच्या ताईंना: नाव लपवून वायफाय सुरक्षित होत नाही

ताई, तुमचा प्रश्न असा: वरच्या मजल्यावरच्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्याने दिल्यात, संध्याकाळी नेट रांगतं, राउटरच्या यादीत एकोणीस नावं दिसतात आणि त्यातली निम्मी ओळखीची नाहीत. शेजारच्यांनी सांगितलं, वायफायचं नाव लपवा आणि मॅक फिल्टर लावा, म्हणजे प्रत्येक फोन-लॅपटॉपचा जो स्वतःचा मॅक पत्ता असतो, त्यावरून ठरावीक उपकरणांनाच आत घ्या. एवढ्यानं भागेल का?

नाही भागणार. नाव लपवलं तरी तुमचा फोन जोडला जाताना ते नाव हवेतून उघडंच पाठवतो, आणि ते पकडणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मॅक पत्त्याचंही तसंच. तो हवेतून उघडाच जातो, कूटबद्ध (गुप्त लिपीत) होत नाही, त्यामुळे दुसऱ्याचा पत्ता उचलून आपल्या लॅपटॉपला लावणं सोपं असतं. त्यात ॲन्ड्रॉइड १० पासूनचे बरेचसे फोन आणि आयओएस १४ पासूनचे आयफोन स्वतःहूनच बनावट पत्ता वापरतात. फिल्टर लावाल तर आधी घरचेच फोन बाहेर राहतील. यादीतली सगळी अनोळखी नावं चोरांची समजू नका, हेही त्याचमुळे. टीव्ही, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), पाहुण्यांचा जुना फोन, सगळं एकेक करून बंद करा आणि यादीतून काय गळतं ते बघा.

आता माणसं आत येतात कशी? तुमच्याकडे फायबर बसवणाऱ्या पोरानं पासवर्ड म्हणून साहेबांचा मोबाइल नंबर टाकला, असं तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. तो नंबर दारावरच्या पाटीवर आहे, दूधवाल्याकडे आहे, वरच्या प्रत्येक पोराकडे आहे. शिवाय फोन वायफाय शेअर करायला जो क्यूआर कोड दाखवतो, त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. उदगीरहून आलेल्या एका पोरानं त्याचा फोटो ग्रुपवर टाकला की गल्लीतल्या चार होस्टेलांत तो पोचला. गेल्या वर्षी खोली सोडून गेलेल्या पोराचा फोनही रस्त्यावरून जाताना आपोआप जोडला जातो.

नंबर कुणाला ठाऊक नसला तरी धोका आहेच. फोन राउटरला जोडला जातो तेव्हाची देवाणघेवाण बाहेरून रेकॉर्ड करता येते आणि मग घरी बसून पासवर्डचे अंदाज तपासता येतात. राउटरला त्याचा सुगावाही लागत नाही. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनीच सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचं काम आहे. म्हणून पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, मधे एखादा आकडा. ६३ अक्षरांपर्यंत चालतं. देवाचं, मुलाचं, गावाचं नाव नको.

तेवढ्यावर थांबू नका. राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये टाकून आत जा. आधी तिथला ॲडमिनचा पासवर्ड बदला, कारण तो हाती लागला की नवा वायफाय पासवर्ड आत जाऊन वाचता येतो. सुरक्षेच्या जागी (वायफाय गुप्त ठेवायची पद्धत तिथे निवडतात) डब्ल्यूपीए-२ एईएस ठेवा, डब्ल्यूपीए-३ दिसलं तर ते. जुनं डब्ल्यूईपी २००१ मध्येच मोडलंय. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिन टाकून किंवा बटण दाबून जोडायची सोय, बंद करा: त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, त्यामुळे १० कोटींऐवजी ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्ये उघड झालं, पण अनेक राउटरांत ते अजून चालूच असतं. बाहेरून राउटर चालवायची सोयही बंद करा.

पोरांचं नेट मात्र तोडू नका. त्यांचे लेक्चर, टेस्ट सिरीज सगळं त्यावर आहे, आणि संध्याकाळी नेट रांगण्याचं निम्मं कारण बहुधा तेच असेल. त्यांना गेस्ट नेटवर्क काढून द्या, वेगळ्या नावाचं, वेगळ्या पासवर्डचं. त्यातून तुमचा डीव्हीआर, साहेबांचा ऑफिसचा लॅपटॉप दिसत नाही. फक्त घरच्या नेटवर्कमध्ये शिरू देणारी सेटिंग बंद आहे ना, हे बघा. वेगाची मर्यादा घालता आली तर घाला. दर जूनला बॅच बदलली की फक्त तो पासवर्ड बदलायचा, घरचे फोन पुन्हा जोडत बसावं लागत नाही.

हे सगळं मी वेगासाठी सांगत नाहीये. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वायफायवरून. पोलिस आधी पोचले ते त्या घरी. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, म्हणून वरच्या कुणी काहीही केलं तरी पहिली विचारणा तुमच्याकडेच होईल. मला खरी काळजी त्याची वाटते.

आणि राउटर जिन्यात आहे म्हणालात, तो आजच आत घ्या. मागच्या बारीक भोकात काडी घालून काही सेकंद दाबली की सगळी सेटिंग पुसली जाते आणि कागदावरचा मूळ पासवर्ड परत लागू होतो. वर रेंज कमी पडली तर आतून वायर टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुढे देणारा डबा) बसवा, पण त्यावर फक्त गेस्टचंच नेट जाईल असं करून घ्या. राउटरचं मॉडेल इथे लिहा, कुठली सेटिंग कुठे आहे ते सांगतो.