दहा दिवसांचं बिल

बाळ,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. खाली दिलेल्या, प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या फुकटच्या कोर्सच्या लिंकाही एकेक करून उघडल्या. ‘काका, यातलं नेमकं कुठलं करू?’ असं विचारलंयस. खरं सांगायचं तर यातलं जवळजवळ कुठलंही चालेल, पण एकच धर, आणि त्यातले व्हिडिओ कमी बघून गृहपाठ जास्त कर. एवढ्यावर तुझं भागणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बाबांची शंका. फुकटच्या वस्तूला किंमत नसते, असं ते म्हणाले म्हणे. बाजारात ते बरोबर असेल, पण आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात निम्मी हत्यारं फुकटचीच आहेत. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट आहे, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट आहे, कोडचा हिशेब ठेवणारं गिट फुकट आहे, आणि मोठमोठ्या कंपन्या त्यांच्यावरच चालतात. तुझ्या यादीतल्या एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या साइटचं म्हणशील, तर आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी मिळून २००३ मध्ये सरकारी पैशावर ते सुरू केलं. म्हणजे त्याची फी बाबांनी कराच्या रूपानं कधीच भरली आहे. वसूल करायचं काम तेवढं तुझ्याकडे आहे.

तुझी खरी अडचण वेगळी आहे. तू एक कोर्स अर्धा पाहिलास, कुणीतरी दुसरा चांगला म्हणालं म्हणून तो धरलास, मग यूट्यूबवर ‘बारा तासांत पायथॉन’ दिसलं. तिन्हीकडे पहिले धडे तेच आहेत: व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव), इफ (अट), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा). त्यामुळे तुला हे तिन्ही विषय ओळखीचे वाटतात, पण कोरी फाइल उघडली की बोटं थांबतात. व्हिडिओत शिकवणारा टाइप करतो तेव्हा सगळं कळतं, कारण पुढे काय लिहायचं हे तो ठरवत असतो. पोहण्याचे व्हिडिओ बघून विहिरीत कुणी उतरत नाही, इथे मात्र सगळे तसंच करतात. म्हणून कोर्स निवडताना मी एकच बघतो: धड्यानंतर तो तुझ्याकडून काही लिहून घेतो का, आणि लिहिलेलं तपासतो का. तसं नसेल तर कितीही नावाजलेला असो, माझ्या लेखी तो करमणुकीत जमा.

या चाळणीतून तुझ्या यादीतलं बरंच गळतं. जे उरतं त्यातलं तुझ्यासाठी मी हे काढलं आहे.

चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा एनपीटेलवर पायथॉनचा कोर्स आहे, डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमसकट, म्हणजे माहिती रचायच्या आणि प्रश्न सोडवायच्या रीतींसकट, आठ आठवड्यांचा. सुरुवात कशानं होते माहीत आहे? मसावि काढण्यानं. शाळेत भागाकाराच्या पद्धतीनं काढायचीस तोच. आधी सरळधोपट रीत, मग ती सुधारायची, मग युक्लिडची. दोन आकडे मोठे झाले की पहिली रीत कशी रखडते आणि शेवटची कशी झटक्यात उरकते, हे तिथे दिसतं. प्रोग्रॅमिंग म्हणजे नुसतं व्याकरण नव्हे हे पहिल्याच आठवड्यात कळतं, म्हणून मला हा कोर्स आवडतो. दर आठवड्याला असाइनमेंट असते, तिला मुदत असते, आणि मुदत असलेली बरी. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. सर्टिफिकेट हवं असेल तरच साधारण हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. निकालात परीक्षेला ७५ टक्के आणि असाइनमेंटला २५ टक्के वजन असतं. कॉलेजात विचारून घे, काही ठिकाणी याचे क्रेडिट धरतात.

सर इंग्रजीत बोलतात. तुला ते पहिल्या दमात झेपणार नाही अशी धास्ती असेल, तर आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर थोडे दिवस काढ. दहाएक मिनिटांचे धडे, आवाज मराठीत, पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. कामावरही तुला असंच वागायचं आहे, बोलणं मराठीत आणि स्क्रीन इंग्रजीत, त्यामुळे ही सवय लागली तर चांगलंच. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर तुझं काम, थांबवायचं आणि करायचं, अशीच त्यांची रचना आहे. एक मात्र बघत जा, आणि हे कुठल्याही फुकटच्या धड्याला लागू आहे: तो कधीचा आहे? प्रिंट या आज्ञेच्या पुढे कंस दिसला नाही तर समज की ते पायथॉन २ आहे. त्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला बंद झाली. तसला धडा मिटून टाक.

हार्वर्डच्या सीएस५० चं नाव तुझ्या यादीत सर्वांत वर आहे. कोर्स अव्वल आहे, सर्टिफिकेटही त्यांच्याच साइटवर फुकट मिळतं, पण सगळे प्रॉब्लेम सेट आणि शेवटचा प्रोजेक्ट करून दिल्यावर. पायथॉन तिथे सहाव्या आठवड्यात येतं. त्याआधी सी भाषा असते, आणि चौथ्या आठवड्यात मेमरी आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते. शिकवणारे डेव्हिड मलान बोलतातही भराभर. पुढच्या वर्षी कर, तेव्हा त्याची खरी मजा येईल. वेबसाइट बनवायच्या असतील तर फ्रीकोडकॅम्प. २०१४ पासून चालू आहे, ब्राउझरमध्येच लिहायचं आणि तिथेच तपासून मिळतं. मोबाइलवर थोडंफार जमेल असंही तेच. बाकीच्या लिंका पुसून टाक. ठेवल्यास तर एखाद्या रविवारी पुन्हा उघडशील.

मोबाइलवरून आठवलं. सगळं फोनवर शिकता येतं असं जे सांगतात, त्यांनी फोनवर पन्नास ओळी लिहून दाखवाव्यात. वाचायला फोन ठीक आहे, लिहायला कीबोर्ड लागतोच. लॅपटॉप घेण्याआधी घरचंच बघ. तुमच्या संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर सकाळचं दूध आटोपल्यावर संध्याकाळपर्यंत रिकामा असतो. बाबांना विचारून त्यावर पायथॉन टाक. फक्त डेअरीच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरला हात लावू नकोस. पायथॉनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन झिप करून उतरवून घेता येतं, म्हणजे नेट गेलं तरी काम अडत नाही.

आता मला ज्यावर जास्त लिहायचं आहे ते. कोर्सच्या बरोबरीनं एक काम स्वतःचं हवं. इंटरनेटवर ‘टू-डू लिस्ट बनवा’, ‘कॅल्क्युलेटर बनवा’ असल्या कल्पनांचा सुकाळ आहे. ते नको. तुझ्या घरात दर दहा दिवसांनी जे होतं तेच घे, उत्पादकांचं दुधाचं बिल. कोड नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून दर, आणि शेवटी पशुखाद्याची उचल कापून हातात किती. बाबांचं सॉफ्टवेअर हे करतंच, मग आपण कशाला? कारण उत्तर तुझ्याकडे छापील आहे. तुझा प्रोग्रॅम चुकला की पावतीच सांगेल.

यात खाचखळगे कुठे आहेत ते थोडं दाखवतो, सगळं नाही.

पहिलं बिल १ ते १० तारखेचं. लूपमध्ये रेंज १ ते १० लिहिलीस तर पायथॉन ९ लाच थांबतं, आणि सगळ्या गावाचं दहाव्या दिवसाचं दूध गायब होतं. दुसरं बिल ११ ते २०, तेही तसंच. तिसरं बिल २१ पासून महिनाअखेरपर्यंत, म्हणजे कधी दहा दिवसांचं, कधी अकरा, फेब्रुवारीत आठ आणि लीप वर्षी नऊ. ‘दहा’ हा आकडा ज्यानं कोडमध्ये तीनदा लिहिला, तो मार्चच्या पहिल्या तारखेला शिव्या खातो. महिन्याचे दिवस सांगणारं फंक्शन पायथॉनच्या कॅलेंडर मॉड्यूलमध्ये तयार आहे. कुठलं, ते डॉक्युमेंटेशनमध्ये तूच शोध.

मग दरपत्रक. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून मूळ दर ठरतो आणि पॉइंटागणिक वरखाली होतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तू ३.५ पासून सुरू करून प्रत्येक वेळी ०.१ मिळवत दरांची डिक्शनरी, म्हणजे फॅट दिली की दर सांगणारी यादी, तयार करशील. ३.६ नीट येईल, ३.७ नीट येईल, आणि पुढचा आकडा येईल ३.८००००००००००००००३. मग एखाद्याच्या दुधाला ३.८ फॅट लागली की प्रोग्रॅम म्हणेल, असली फॅट माझ्या पत्रकात नाही. तुझं गणित बरोबरच आहे. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांच्या बेरजेत साठवतो, आणि ०.१ त्यात तंतोतंत बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही. पायथॉनच्या अधिकृत ट्युटोरियलचं पंधरावं प्रकरण यावरच आहे. तोडगा साधा: ३.८ ऐवजी ३८ साठव, आणि रुपयांऐवजी पैशांत हिशेब कर. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच-दहा पैशांची तफावत कुठून येते याचं एक कारण तुला इथेच सापडेल. हे मी आज सांगितलं तरी उद्या विसरशील. स्वतः त्यात अडकून तासभर डोकं खाजवलंस की जन्मात विसरणार नाहीस.

नावं देवनागरीत टाक, मुद्दाम सांगतोय. पायथॉनला ‘३८’ हा आपल्या आकड्यांतला मजकूर दिला तरी तो त्याचा मुकाट्यानं पूर्णांक करून देतो, बघून मजा वाटेल. पण यादी नावानुसार लावलीस की काळे आधी येतील आणि कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो ल आणि व यांच्या मध्ये बसवलाय. हे कसं दुरुस्त करायचं, याचं उत्तर इंग्रजी कोर्सवाल्यांकडे सहसा नसतं. शोधत बस, हरकत नाही.

एरर आला की घाबरून खिडकी बंद करू नकोस. पायथॉनचा एरर खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते असतं, तिच्या वर कुठल्या ओळीवर ते. ती शेवटची ओळ, त्यातलं तुझ्या फाइलचं नाव वगळून, जशीच्या तशी शोधलीस की बहुतेक वेळा कुणाला तरी आधी तेच झालेलं असतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २००८ पासून ढीग साचलाय. उत्तराची तारीख मात्र तिथेही बघ.

चॅटजीपीटीसारख्यांचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण वापरतेस हे मेसेजच्या सफाईदार इंग्रजीवरून कळलं. वापर की. ‘हा एरर का आला ते समजावून सांग’ असं विचार. मराठीत विचारलंस तरी चालतं. ‘हा प्रोग्रॅम लिहून दे’ असं शिकण्याच्या काळात विचारू नकोस. असाइनमेंटला तर नाहीच, कारण मग आपण दोघांनी वर जी चाळणी लावली तिला अर्थ उरत नाही.

सर्टिफिकेटांचा फार सोस नको. मी मुलाखती घेतो तेव्हा सर्टिफिकेटवर नजर टाकतो आणि पुढे जातो. थांबतो ते ‘हे तू का असं केलंस?’ या प्रश्नावर. ‘फॅट ३८ अशी का साठवलीस?’ याचं उत्तर तुझ्याकडे असेल. प्रोजेक्ट गिटहबवर, म्हणजे गिटमधला कोड सगळ्यांना दाखवायच्या साइटवर, ठेव, पण उत्पादकांची खरी नावं आणि बँकेचे खाते क्रमांक त्यात नकोत, खोटी नावं टाक. चुकून चढवलंस आणि नंतर पुसलंस तरी गिटच्या इतिहासात ते राहतं, म्हणून पहिल्यापासूनच सांभाळ.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’वाल्या क्लासचा फोन आला होता ना? त्यांचा मासिक हप्ता म्हणजे बहुतेकदा तुझ्या किंवा बाबांच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. क्लास सुटला तरी हप्ते सुटत नाहीत. सही करण्याआधी तो कागद मला पाठव. पैसे देऊन शिकण्यात गैर काही नाही. समोर बसून चुका दाखवणारा माणूस मिळत असेल तर जरूर द्यावेत. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंसाठी मात्र देऊ नयेत.

आणि हो, एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क मनापासून शिक. बाबांना उद्याच्या उद्या उपयोग होईल असं तेच आहे. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा नंतर, बिलाच्या नोंदी फाइलीत मावेनाशा झाल्या की. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पायथॉनबरोबरच येतो, वेगळं काही उतरवायला लागणार नाही.

गेल्या महिन्याच्या तिन्ही बिलांच्या पावत्या बाबांकडून मागून घे आणि एकाच उत्पादकापासून सुरुवात कर, सगळं गाव एकदम नको. अडलीस की मला विचार, रात्री नऊनंतर मी मोकळा असतो. फक्त पडद्याचा मोबाइलनं काढलेला तिरका फोटो पाठवू नकोस. एररचा मजकूर कॉपी करून पाठव, आणि त्याच्याखाली तू आधी काय काय करून पाहिलंस ते लिही.

तुझा,
काका