तुम्ही विचारलंत : सरकारं बोलत नाहीत, मग करार केले कोणी?

प्रश्न : चीन तैवानला देश मानत नाही, तिथल्या सरकारशी बोलतही नाही. मग दोघांत डायरेक्ट विमानं कशी सुरू झाली आणि व्यापार करार कोणी केला? चियांग पिन-कुंग असं एक नाव वाचनात आलं. हे कोण, मंत्री की राजदूत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : करार करताना ते दोन्हीपैकी काहीच नव्हते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. सोयरीक जुळवताना घरचे थेट बोलत नसले की मधला माणूस लागतो ना, तसं दोन्ही बाजूंनी नव्वदच्या सुमारास एकेक संस्था काढली, कागदोपत्री बिनसरकारी. तैवानची ती स्ट्रेट्स एक्स्चेंज फाउंडेशन, आणि चियांग 2008 ते 2012 तिचे अध्यक्ष होते.

माणूस मूळचा राजकारणी नाहीच. 1932 ला नानतोमध्ये जन्म, तेव्हा तैवानवर जपानचं राज्य. पुढे टोकियो विद्यापीठातून डॉक्टरेट, मग व्यापार खात्यात वर्षानुवर्षं नोकरी, 1993 ला अर्थव्यवहार मंत्री, नंतर संसदेचे उपाध्यक्ष. चीनच्या दबावामुळे तैवानच्या राष्ट्राध्यक्षांना एपेकच्या, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक गटाच्या, शिखर परिषदेला जाता येत नाही, तर 1998 आणि 1999 ला त्यांच्या जागी हेच जाऊन बसले. म्हणजे मोठा झेंडा न फडकवता काम उरकून येणं, ही सवय जुनीच.

खरी उडी मात्र 2005 ची. मार्चच्या मध्यात चीनने कायदा केला की तैवान फुटून निघाला तर बळ वापरू, आणि दोनच आठवड्यांत हे गृहस्थ कुओमिंतांग पक्षाचे उपाध्यक्ष म्हणून शिष्टमंडळ घेऊन चीनमध्ये दाखल! 1949 ला यादवी युद्ध हरून हा पक्ष चीनमधून तैवानला आला, त्यानंतरची त्याची ही पहिली अधिकृत भेट. पक्ष तेव्हा विरोधात होता, त्यामुळे तैपेईतलं सरकार जाम भडकलं. पण रस्ता उघडला आणि महिन्याभरात पक्षाध्यक्ष लिएन चान बीजिंगमध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओंना भेटले.

2008 ला कुओमिंतांगचेच मा यिंग-जौ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, चियांग फाउंडेशनवर गेले आणि समोर चीनच्या तशाच संस्थेचे प्रमुख चेन युनलिन. जूनमध्ये बीजिंगला पहिली बैठक, 4 जुलैला वीकेंडची चार्टर विमानं सुरू. आधी हाँगकाँग नाहीतर मकाऊला उतरून दुसरं विमान धरावं लागायचं, आणि चीनमध्ये कारखाने टाकलेल्या तैवानी लोकांचा त्यात अख्खा दिवस जायचा. मग जहाजं, टपाल, रोजची विमानं असं करत आठ बैठकांत 18 करार झाले. सगळ्यात मोठा 29 जून 2010 ला चीनमधल्या चोंगचिंगमध्ये, तो ईसीएफए, म्हणजे आर्थिक सहकार्याचा चौकट करार. त्यात चीनने तैवानच्या 539 वस्तूंवरची ड्युटी उतरवायचं मान्य केलं, तैवानने चीनच्या 267. आकडे बघूनच कळतं की बीजिंगला यातून व्यापारापलीकडचंही काही हवं होतं.

आमच्या मते त्यांचं जमलं ते ‘सोपं आधी, अवघड नंतर, पैशाचं आधी, राजकारणाचं नंतर’ या धोरणामुळे, आणि घोडं अडलं तेही त्याच्यामुळेच. हॉटेलात बसून दोन म्हातारे सह्या करतायत आणि संसदेला नंतर कळतंय, हे तरुणांना पटेना. नोव्हेंबर 2008 ला चेन तैपेईला आले तेव्हा रस्त्यावर राडा झाला, आंदोलकांच्या हातातले तैवानचे झेंडे पोलिसांनी काढून घेतले, स्वतःच्याच देशाचे! त्यातून विद्यार्थ्यांचं आंदोलन उभं राहिलं. 2014 मध्ये चीनशी केलेल्या सेवाक्षेत्राच्या करारावरून तर मुलांनी संसदच ताब्यात घेतली. तोवर चियांग पदावर नव्हते, पण पद्धत त्यांच्याच काळातली. डिसेंबर 2018 मध्ये ते वारले.

प्रश्न : मग ते करार आता चालू आहेत का? आणि मुंबईत तैवानचं ऑफिस आहे म्हणे, त्याला दूतावास का म्हणत नाहीत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दुसऱ्याचं आधी. भारताचे तैवानशी अधिकृत राजनैतिक संबंध नाहीत, म्हणून 2024 ला मुंबईत उघडलं ते ‘आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र’. बिनसरकारी पाटी लावून सरकारी काम, वरच्यासारखंच. करारांचं म्हणाल तर 2016 ला कुओमिंतांगच्या विरोधी पक्षाच्या त्साय इंग-वेन तैवानच्या राष्ट्राध्यक्ष झाल्यावर चीनने या संस्थांमधलं बोलणंच तोडलं. ईसीएफए कागदावर जिवंत आहे, पण सवलती कापणं चालू आहे : जानेवारी 2024 ला 12 वस्तू, जूनमध्ये आणखी 134. काढायच्या आणखी शेकडो शिल्लक आहेत, आणि तैवानमध्ये निवडणूक आली की त्यांची चर्चा परत निघते.