आजींची होडी आणि आंबिल ओढा

प्रश्न : माझं माहेर हर्णैचं. लग्न होऊन पुण्यात आले त्याला बेचाळीस वर्षं झाली. लहानपणी संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालायचा, बैलगाड्या थेट पाण्यात शिरून होड्यांतली मासळी आणायच्या. तो देखावा बैठकीतल्या शोकेससाठी करायचं मनात घेतलं. तुम्ही मागे सांगितलं होतं तसं १:५० हे प्रमाण धरलं आणि पातळ फळ्या जोडून अठरा सेंटिमीटरची होडी केली. बाहेरून निळा-पांढरा ॲक्रिलिक रंग दिला, आतलं लाकूड तसंच ठेवलं. इथपर्यंत छान होती. मग जुनी दिसावी म्हणून काळा रंग पाण्यात कालवून बाहेरून सगळीकडे फिरवला आणि सांध्यांवर काळ्या पेनाने रेघा ओढल्या. आता नातू विचारतो, "आजी, ही आंबिल ओढ्यातून काढली का?" सगळं खरवडून पुन्हा सुरू करू का? आणि दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं खलाशी म्हणून चालतील का?
— एक आजी, सहकारनगर

उत्तर : ताई (आजी म्हणायला माझं वय आडवं येतं), फोटो पाहिला. नातू खोटं बोलत नाहीये, पुण्यातल्या त्या घाण ओढ्यातूनच काढल्यासारखी दिसते. पण खरवडू नका. होडी उत्तम बांधली आहे, नाळेपाशी (पुढच्या टोकाला) फळ्या वळवल्यात त्या तर मला हेवा वाटावा अशा. बिघडलंय ते वरवरचं.

आधी त्या पेनाच्या रेघा. मी एकतीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने करणारा, होतो. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी लांब आखलेली असायची. त्या पट्टीने मला एक खोड लावली. हातातली वस्तू बघताना मनात खरी वस्तू मोजायची. तुमची रेघ अर्धा मिलिमीटर धरा, पन्नासने गुणा. अडीच सेंटिमीटरची फट! अशा होडीत तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य खलाशी, पाय ठेवणार नाही. खऱ्या होडीत फळ्यांच्या सांध्यात तेल पाजलेला कापूस ठोकून भरतात, वरून लुकण लावतात. चार पावलांवरून सांधा जेमतेम कळतो. तेव्हा त्या रेघांवर मूळ निळा रंग शून्य नंबरच्या ब्रशने लावून टाका. नंतर हवं तर टोकदार कडक पेन्सिल एकदा फिरवा, बस.

काळ्या पाण्याचा थर घालवायला औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट घ्या. वाळलेला ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटने मऊ पडतो. कान साफ करायच्या काडीचा कापूस जेमतेम ओला करायचा आणि फळीच्या लांबीच्या दिशेने एकदा पुसून काडी बदलायची. घासत बसलात तर खालचा निळाही उठून येईल, म्हणून आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी करून बघा. फळ्यांच्या पाठीवरचं काळं निघालं आणि सांध्यांत थोडं राहिलं की थांबा. खिडकी उघडी ठेवा आणि शेजारी देवाजवळचा दिवा नको.

आता मुद्द्याचं. तुम्ही ठरवलंत की होडी जुनी आहे. किती वर्षांची ते राहू द्या, देखावा कुठल्या महिन्यातला ते सांगा. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, त्याच काळात डागडुजी होते, तेल-रंग होतो. (हल्ली पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते. तुमच्या लहानपणी नारळी पौर्णिमेचा नारळ पडल्यावरच होड्या लोटत असतील.) म्हणजे होडी वीस वर्षांची असली तरी ऑक्टोबरात ती नटलेली असते आणि मे महिन्यात थकलेली. तुमच्या देखाव्यात झाडांवर काय आहे, आंबे की नुसती पानं, ते ठरवा. होडीचा रंग त्यावरून ठरेल.

मी मे महिना धरून सांगतो, कारण काम त्यातच जास्त आहे.

उन्हाने रंग वरून उडतो, खालून नाही. म्हणून काठाजवळच्या निळ्यात पांढरा आणि चिमूटभर करडा मिसळून हात फिरवा, खाली येता येता सोडून द्या. पाणरेषेपाशी शेवाळाचा हिरवट पट्टा फक्त दोन-तीन मिलिमीटरचा, वरची कडा अस्पष्ट. त्याच्या वर मिठाचे पांढुरके डाग, तेही पुसट. खिळ्यांपासून गंजाचा ओघळ खाली उतरतो. खाली म्हणजे होडी तरंगत असताना जे खाली, ते. तुमची होडी वाळूवर कलती ठेवायची असली तरी ओघळ होडीच्या उभ्या दिशेनेच हवेत, कारण वर्षातले बरेच महिने तिने पाण्यात काढलेत. ही चूक मी चांगल्या चांगल्यांच्या कामात बघितली आहे.

मग हात. जाळं एकाच अंगाने ओढत असतील तर त्याच बाजूचा काठ झिजेल. तिथे रंग उडून लाकूड उघडं पडलेलं दाखवा, दुसऱ्या बाजूला नको. वल्हं टेकतं तिथे खाच. बसायची फळी मात्र काळी करू नका. लोकांच्या बुडाने ती गुळगुळीत, किंचित चकाकती झालेली असते. जुन्या सुती धोतराचा तुकडा बोटाला गुंडाळून ती फळी दहा मिनिटं घासा, दुसरं काही लावू नका. माझ्या एका होडीत लोक सगळं सोडून त्या फळीकडेच बघतात.

आतलं लाकूड तुम्ही रंगवलं नाहीत हे नशीब. त्याला करडेपणा आणायचा उपाय स्वयंपाकघरात आहे. लोखंडाचा बारीक कीस किंवा साधे खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून बाटलीचं झाकण सैल ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी पिवळट-तपकिरी होतं. आधी लाकडावर कडक काळ्या चहाचा हात द्या, वाळू द्या, मग हे पाणी लावा. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की लाकूड डोळ्यांदेखत करडं, काळपट होत जातं. पहिल्या वेळी मी घरची भांड्यांची तारेची घासणी वापरली. तीन दिवस, पाच दिवस, आठवडा झाला, पाणी तसंच. ती स्टेनलेस स्टीलची होती, गंजणार कशी! घरात वास मात्र सुटला, आणि लोणचं घातलंय की होडी, हे आमच्याकडे अजून ऐकवलं जातं. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात साधं स्टील वूल मागा. पाणी पातळ करून एक हात द्या आणि रात्रभर थांबा, कारण रंग नंतरही गडद होत राहतो. तळाशी, जिथे मासळी आणि तेल साचतं, तिथे चहाचाच तपकिरी रंग राहू द्या.

दोरासाठी शिवणाचा दोरा चालेल, पण त्याचे तंतू उभे राहतात. या प्रमाणात ते केसाळ सुरवंटासारखे दिसतात. मेणावरून दोनदा ओढून घ्या. जाळ्याला मच्छरदाणी नको, गॉजची पट्टी चहात बुडवून चुरगळून टाका. सुती जाळ्यांच्या काळात ती सालींच्या काढ्यात रंगवत, त्यामुळे तांबूसच बरी. निळं-हिरवं जाळं नायलॉनचं, ते तुमच्या लहानपणात बसतं का ते तुम्हीच आठवा.

चित्रं चालणार नाहीत. किल्ल्यावरचा मावळा तीन इंच, म्हणजे साडेसात सेंटिमीटर असतो. पन्नासने गुणलं की पावणेचार मीटरचा खलाशी होतो, होडीत तो एकटाच मावेल. साडेपाच फुटी माणूस तुमच्याकडे साडेतीन सेंटिमीटरच्या आतच हवा. तांब्याच्या तारेचा सांगाडा करून वर एम-सील लावा. बैल खांद्यापाशी पावणेतीन सेंटिमीटर पुरे. बैलांचे पाय पाण्यात जाणार, त्यामुळे खूर करायचे कष्ट वाचले.

आणि समुद्र निळा करू नका. किनाऱ्याजवळचं पाणी मातकट हिरवं असतं, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. इपॉक्सी ओतणार असाल तर पावसाळा जाऊ द्या. दमट हवेत वरचा थर चिकट, धुरकट राहतो. तीन-तीन मिलिमीटरचे थर द्या, एकदम ओतलं तर तापून तडकतं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या टगबोटीचं प्लॅस्टिक मॉडेल करतोय. गंज खरा दिसावा म्हणून लोखंडाचा कीस चिकटवून त्यावर मिठाचं पाणी मारलं तर?
— एक विद्यार्थी, नऱ्हे

उत्तर : गंज खरा येईल, पण दाणा खोटा दिसेल. कीसाचा कण तुझ्या मॉडेलवर कलिंगडाच्या बीएवढा होतो, शिवाय तो गंजतच राहतो आणि सहा महिन्यांत रंग सोलून निघतो. अंगणात रांगोळीखाली लावायचा गेरू घे. तोही लोहाचा ऑक्साईडच, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ, आणि दहा-वीस रुपयांत आयुष्यभर पुरेल इतका मिळतो. मलमलच्या दोन पदरांतून चाळ, स्पिरिटमध्ये कालव आणि नांगराच्या भोकाखाली केसाएवढा ओघळ ओढ. वाळल्यावर जास्त वाटला तर कोरड्या ब्रशने झटक. आणि झटकताना पंखा बंद कर, मी केला नव्हता.