वाचकांचे प्रश्न : गाडीने नर्मदा परिक्रमा

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांना घेऊन स्वतःच्या गाडीने नर्मदा परिक्रमा करायची आहे. आधी ओंकारेश्वराचं दर्शन घेऊन मग मोबाइलवर नकाशा लावून निघालो तर चालेल का?

उत्तर : दर्शन जरूर घ्या, पण परिक्रमेचा संकल्प करण्याआधी. ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, म्हणजे तिथे जाताना नर्मदा मैयाचं पात्र ओलांडावं लागतं आणि परिक्रमेत ते ओलांडायचं नसतं. एकदा संकल्प झाला की परिक्रमा संपल्यावर, सोबत नेलेल्या कुपीतलं मैयाचं जल वाहायलाच तिथे जायचं. ममलेश्वर दक्षिण तटावर आहे, तिथे संकल्पानंतरही जाता येतं.

नकाशावर विसंबू नका. तो जवळचा रस्ता काढतो आणि तो हमखास मैयावरच्या पुलावरून जातो. त्यामुळे दक्षिण तटाने समुद्राकडे जाताना एका वेळी पुढचं एकच गाव घाला : बडवानी, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, राजपिपला, अंकलेश्वर. मैया कायम उजव्या हाताला हवी. उपनद्यांवरचे पूल ओलांडायला हरकत नाही. राजपिपल्याहून गरुडेश्वर जवळ दिसतं आणि टेंबेस्वामींच्या समाधीची ओढ आपल्याकडच्या मंडळींना असतेच; पण ते उत्तर तटावर आहे, समुद्राशी होडीने पलीकडे गेल्यावर परतीच्या वाटेत येईल. भेडाघाटला धुवांधारचा रोपवे पात्रावरून पलीकडे जातो, त्यात बसू नका. अमरकंटकला, म्हणजे मैयाच्या उगमाशी, प्रवाह इतका बारीक आहे की गावात फिरताना नकळत ओलांडला जातो. तिथे माई की बगियाला वळसा घालूनच दक्षिण तटावर या.

प्रश्न : समुद्रावर गाडीचं काय करायचं?

उत्तर : गाडी होडीत जात नाही. विमलेश्वरकडून माणसं होडीने उत्तर तटावरच्या मिठी तलाईला जातात आणि गाडी भरूचच्या पुलावरून तिकडे न्यावी लागते. तुम्हीच चालवत नेलीत तर तुमची परिक्रमा खंडित होईल. म्हणून संकल्प न केलेला चालक सोबत हवाच. बरेच जण नेमकं हेच विसरतात.

होडी भरतीच्या वेळेवर सुटते, कधी मध्यरात्री, कधी पहाटे. त्यामुळे एक मुक्काम राखून ठेवा. प्रवास तीन-चार तासांचा. होडीत स्वच्छतागृह मिळेल असं धरून चालू नका. आई-वडिलांची औषधं, पाणी, उबदार शाल हाताशी असू द्या. उतरताना चिखल असतो, तेव्हा दोघांनाही आधाराला माणूस लागेल. समुद्रावर कुपीतलं थोडं जल अर्पण करून तिथलं भरून घेतात. कुपीचं झाकण घट्ट फिरकीचं हवं.

प्रश्न : कधी निघावं? रोज स्नान करता येईल?

उत्तर : चातुर्मासात परिक्रमा थांबते, म्हणून कार्तिकी एकादशीनंतर निघा. डिसेंबर-जानेवारीत अमरकंटकची थंडी ज्येष्ठांना सोसवत नाही. स्नान घाटावरच, साखळी धरून, साबण न लावता करावं. ओंकारेश्वरला वरच्या अंगाला धरण आहे. पाणी सोडण्याचा भोंगा वाजला की कपडे गोळा करत बसू नका, आधी आई-वडिलांना वरच्या पायऱ्यांवर न्या.