पुण्यात महापालिकेच्या तरुणांसाठीच्या योजनांचा सामान्य मुलाला खरोखर काही उपयोग होतो का?

आपण प्रश्नासोबत दिलेल्या तपशिलानुसार आपला धाकटा भाऊ 19 वर्षांचा आहे, बारावीला त्याला 54 टक्के गुण मिळाले, पहिल्याच वर्षी त्याचे महाविद्यालय सुटले आणि सध्या तो घरोघरी पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. त्याच्यासाठी महापालिकेची कोणती योजना आहे एवढेच आपण विचारले असते, तर मी लिहायला बसले नसते. परंतु शेवटी आपण ‘की हे सगळे कागदावरच असते?’ असे जोडले आहे आणि त्या वाक्याशी माझे जुने भांडण आहे. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत मी बरीच वर्षे समूहसंघटिका म्हणून मानधनावर काम केले. बचत गटांच्या बैठका, आरोग्य शिबिरांची पत्रके, बालवाडीच्या भेटी आणि तरुणांच्या प्रशिक्षणाचे अर्ज हे सगळे त्या एका पदात येत असे. योजना कागदावर राहते तेव्हा ती तेथे कशामुळे राहते हे मी जवळून पाहिले आहे, आणि ‘पोरांनाच नको असते’ हे जे कारण सर्रास दिले जाते ते खोटे आहे.

आधी शिष्यवृत्तीचे सांगते, कारण या विषयावर तोंड उघडले की पुण्यात पहिले नाव तिचेच निघते. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाने 15,000 रुपये आणि बारावी उत्तीर्ण झालेल्यांना अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने 25,000 रुपये महापालिका पुढील शिक्षणासाठी देते. खुल्या गटाला 80 टक्के, मागासवर्गीय, महापालिका शाळेतील आणि रात्रशाळेतील विद्यार्थ्यांना 70 टक्के, तर दिव्यांग विद्यार्थ्यांना 65 टक्के गुणांची अट आहे. म्हणजे आपल्या भावाला ती लागू नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की हा गुणवंतांचा सत्कार आहे, आणि सत्कार जरूर करावा, पण त्याला तरुणांना दिलेला आधार म्हणू नये. ज्याला 85 टक्के मिळाले तो हे पैसे नसते तरी शिकलाच असता. ज्याला 54 टक्के मिळाले त्याच्याकडे त्या वर्षी कोणी पाहिले नाही, तर पुढे त्याच्याकडे फक्त पोलीस चौकीतून पाहिले जाते.

हे मत मी घरात मांडले तेव्हा माझे थोरले दीर, म्हणजे भावोजी, चांगलेच चिडले होते. त्यांच्या मुलीला दहावीला ही शिष्यवृत्ती मिळाली होती. करदात्यांचा पैसा हुशार मुलांवरच खर्च व्हावा, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या टवाळ पोरांसाठी वर्ग काढणे म्हणजे उधळपट्टी, असे त्यांचे म्हणणे होते आणि आजही आहे. त्या वर्षी नेमका आमच्या वस्तीत एसी आणि फ्रिज दुरुस्तीचा मोफत वर्ग सुरू झाला होता आणि महिन्याभरातच ओस पडला होता, त्यामुळे भावोजींच्या हाती आयते कोलीत मिळाले.

त्या वर्गाची हकीकत अशी. प्रशिक्षणाचे काम बाहेरच्या एका संस्थेला दिलेले होते. वर्ग समाजमंदिरात, सकाळी 11 ते दुपारी 2. मी घरोघर फिरून अर्ज भरून घेतले, फोटो काढायला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांना स्टुडिओपर्यंत नेले, रेशनकार्डाच्या आणि झोपडीच्या सेवाशुल्काच्या पावतीच्या झेरॉक्स जोडल्या. पहिल्या आठवड्यात सतरंजीवर बसायला जागा उरली नव्हती. त्यानंतर मुले गळत गेली आणि शेवटी प्रशिक्षक, मी आणि महाविद्यालयाला दांडी मारून केवळ प्रमाणपत्रासाठी येणारी दोन-चार मुले एवढेच उरलो. संस्थेच्या समन्वयकांनी अहवालात ‘लाभार्थ्यांचा अल्प प्रतिसाद’ असे लिहिले आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

मला ते शब्द झोंबले. मग मी संध्याकाळी, मुले घरी असण्याच्या वेळेला, पुन्हा एकेका दारात गेले. जे समजले ते वस्तीत राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, पण वेळापत्रक ठरवणाऱ्याने ते विचारलेले नव्हते. यातली काही मुले पहाटे मार्केट यार्डात भाजीच्या गाड्या उतरवायला जात आणि 11 वाजता घरी येऊन झोपत. काही जण केटरिंगमध्ये वाढपी म्हणून रात्री उशिरापर्यंत राबत, तर बाकीचे दुकानात, गॅरेजमध्ये किंवा आपल्या भावासारखे दुचाकीवर. दुपारचा रोज बुडवून तीन तास शिकायला बसणे त्यांना परवडत नव्हते, आणि घरी आई विचारायची ती प्रमाणपत्राबद्दल नव्हे, त्या दिवशीच्या रोजाबद्दल. ‘ताई, रात्री ठेवा ना क्लास, कोण नाही म्हणतंय?’ असे एकाने मला सरळ विचारले.

मी वर्ग संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ करण्याचा अर्ज दिला. प्रशिक्षक तयारच होते, कारण दिवसा त्यांची स्वतःची दुरुस्तीची कामे असत. अडचण निघाली ती इमारतीची. समाजमंदिर सहानंतर बंद होते, पहारेकऱ्याची वेळ संपते, दिव्याचे बिल कोणाच्या नावे टाकायचे, रात्री काही कमी-जास्त झाले तर जबाबदार कोण, असे प्रश्न एकामागून एक आले. त्यातला मुलींच्या येण्याजाण्याचा प्रश्न एका अधिकाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त होता; त्यासाठी आम्ही मुलींच्या आयांपैकी दोघींना वर्ग सुटेपर्यंत बसवायचे ठरवले. बाकीच्या प्रश्नांना उत्तर एकच होते, ते म्हणजे किल्ली. कागदोपत्री किल्ली कार्यालयात होती आणि प्रत्यक्षात ती गणेशोत्सव मंडळाच्या अध्यक्षांच्या खिशात होती, कारण निम्म्या हॉलमध्ये मंडळाचे ढोल, मांडवाचे वासे आणि ताडपत्र्या रचलेल्या होत्या.

येथे सुशिक्षित लोक नाक मुरडतात, पण पुण्याच्या वस्त्यांमध्ये तरुणांची खरी चालती संघटना कोणती असेल तर ती मंडळ आणि ढोल-ताशा पथक हीच आहे. वर्गणी, हिशेब, पाळ्या लावणे, रात्रभर पहारा देणे, भांडण मिटवणे हे सगळे ही मुले कोणत्याही शिबिराशिवाय शिकलेली असतात. मी त्यांना वगळून काही करायचे नाही असे ठरवले आणि थेट अध्यक्षांकडे गेले. तो माझ्यापेक्षा बराच लहान, पण वस्तीत त्याचा शब्द चालणारा. त्याने दोन अटी घातल्या. आषाढात सराव सुरू झाला की हॉल पथकाचा, आणि त्याच्या पोरांची नावे वर्गात घ्यायची, मग ती दहावी नापास का असेनात. दुसरी अट तर माझ्या मनासारखीच होती. दिव्याच्या बिलाचे त्याने वर्गणीतून पाहून घेतले, आणि हे नियमात बसते की नाही असे मला कोणी विचारले नाही.

मांडवाच्या फळ्यांवर जुना विंडो एसी उघडून ठेवून, तांब्याच्या नळीला डाग कसा द्यायचा, कपॅसिटर कसा तपासायचा, गॅस भरताना कशावर लक्ष ठेवायचे, हे त्या हॉलमध्ये शिकवले गेले. काही मुले याही वेळी गळाली, पण बहुतेक शेवटपर्यंत टिकली. फाल्गुन-चैत्रात एसी साफ करण्याच्या कामांना जोर येतो, त्या हंगामात त्यांतली बरीचशी कामाला लागली. दहावीला दोनदा बसलेला त्यांच्यातला एक मुलगा आज सहकारनगर आणि बिबवेवाडीच्या सोसायट्यांमध्ये स्वतःच्या हिमतीवर सर्व्हिसिंगची कामे घेतो, आणि भावोजींच्या घरचा एसीही तोच पाहतो. भावोजी त्याला चहा पाजतात, पण माझ्यासमोर तो विषय काढत नाहीत.

पुढच्या वर्षी संस्था बदलली आणि वर्ग पुन्हा 11 वाजता भरू लागला. अहवालातले वाक्यही तेच परत आले. म्हणून मी म्हणते की निधी असतो, योजना असते, मुलेही असतात; वेळ आणि किल्ली यांचा विचार कोणी करत नाही.

यामागे कायद्याचेही थोडे कारण आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या स्वराज्य संस्थांसाठी बाराव्या अनुसूचीत 18 विषय दिले. त्यात पाणी आणि रस्ते आहेत, झोपडपट्टी सुधारणा आणि दारिद्र्य निर्मूलन आहे, दफनभूमी आणि गुरांचे कोंडवाडेसुद्धा आहेत. तरुण हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे त्यांचे काम कधी समाज विकास विभागात, ज्याला वस्तीतले जुने लोक अजूनही नागरवस्ती म्हणतात, तर कधी क्रीडा किंवा शिक्षण विभागात विखुरलेले राहते. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावर साध्या रहिवासाच्या पत्रासाठीही लोकांना कोणाकडे जावे हे समजत नव्हते.

आता आपल्या भावाविषयी. त्याने ‘लाइटहाउस’ या कौशल्य केंद्रांची चौकशी करावी. महापालिकेच्या सहभागाने यातले पहिले केंद्र 2016 मध्ये औंधमध्ये सुरू झाले आणि नंतर शहराच्या इतर भागांत केंद्रे निघाली. तेथे गुणांची गाळणी नाही, आणि थेट यंत्रासमोर बसवण्याऐवजी आधी मुलाशी बोलून, त्याला काय जमते आणि काय आवडते हे पाहून मग अभ्यासक्रम ठरवतात, ही पद्धत मला पटते. राज्य सरकारची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही पाहावी. 18 ते 35 वयोगटासाठीच्या या योजनेत बारावी उत्तीर्णाला दरमहा 6,000 रुपये विद्यावेतन ठेवलेले होते, मात्र मुदत संपल्यावर कायम नोकरीची हमी तिच्यात नाही, आणि पार्सलच्या कामात तो याहून अधिक मिळवत असेल तर मी त्याला तिकडे जा असे म्हणणार नाही.

आपल्यासाठीही एक काम आहे. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात स्थान देण्याची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयाकडून अर्ज मागवले जातात आणि लोक त्यावर बाकडी, पेव्हर ब्लॉक आणि दिवे मागतात. आपण समाजमंदिराच्या दुरुस्तीचे आणि दिव्यांचे काम मागा, आणि सोबतच्या पत्रात रात्री दहापर्यंत हॉल उघडा ठेवण्याची मागणी लिहा. सोबत मंडळाच्या मुलांच्या सह्या घ्या, नुसत्या ज्येष्ठ नागरिकांच्या नकोत.

हे सगळे लिहिताना सांगायचे राहिले की योजनांच्या अटी, रकमा आणि मुदती बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात वाचावी. माझा अनुभव एका वस्तीचा आहे आणि सगळेच मोफत वर्ग चांगले असतात असे मी म्हणत नाही; काही केवळ हजेरीपटासाठी चालतात. केंद्रावर गेल्यावर भावाने अभ्यासक्रमाच्या आधी संध्याकाळची तुकडी आहे का, हे विचारावे. नसेल तर ती लेखी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

भावोजी माझे प्रत्येक उत्तर वाचतात आणि चहाला आले की त्यातल्या त्रुटी दाखवतात. 80 टक्क्यांच्या अटीविषयी त्यांचे जे म्हणणे आहे, ते त्यांनी या वेळी चहावर न सांगता येथेच खाली लिहावे, आणि घरचा एसी कोण दुरुस्त करतो तेही लिहावे.