चालू सर्व्हरला प्रोसेसर जोडताना फर्मवेअरचं काम काय?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी ‘सीपीयू हॉटप्लग’ हा विषय घेतलाय. चालू मशीनमध्ये प्रोसेसर सामावून घेणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम, मग त्यात मशीन सुरू करणारं फर्मवेअर कुठे येतं? मला फर्मवेअरमध्येच काम करायचंय, पण मित्र म्हणतात त्यात आता काही उरलेलं नाही.

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचं उत्तर दडलंय. नवा प्रोसेसर आला हे ऑपरेटिंग सिस्टिमला आपोआप कळत नाही. त्याची तयारी बूट होतानाच झालेली असते. फर्मवेअर एसीपीआयच्या (ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याचं मानक) एमएडीटी या प्रोसेसरांच्या तक्त्यात आज हजर असलेले प्रोसेसर नोंदवतं, तशाच पुढे येऊ शकणाऱ्यांच्या जागाही राखून ठेवतं. त्यावरून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) किती प्रोसेसर येऊ शकतात याचा हिशोब आधीच मांडतो. पुढे प्रोसेसर खरोखर जोडला की इंटरप्ट (लक्ष वेधणारा संकेत) येतो आणि कर्नल फर्मवेअरनेच लिहून ठेवलेली एएमएल मेथड (एसीपीआयच्या भाषेतला छोटा प्रोग्राम) चालवतो. ती ‘या डिव्हाइसकडे बघ’ असं नोटिफाय करते. मग कर्नल ‘एसटीए’ मेथडला विचारतो, हा खरंच हजर आहे का? हो म्हटलं की त्याचा एपिक आयडी (प्रोसेसरचा ओळख क्रमांक) घेऊन नोंद होते. त्याला जागं करून कामाला लावणं मात्र कर्नलचं. तक्त्यात जागाच राखली नसेल, तर साधारणपणे कर्नलही काही करू शकत नाही.

हे वाचून सोडू नकोस, करून बघ. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा आभासी संगणक) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला 2 आणि कमाल 4 सीपीयू देऊन लिनक्स सुरू कर. सिसएफएसमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) ‘पॉसिबल’ फाइलमध्ये 0-3 दिसेल (मोजणी 0 पासून), ‘प्रेझेंट’मध्ये 0-1. आता क्यूईएमयूच्या मॉनिटरमधून (आज्ञा देण्याची खिडकी) एक सीपीयू जोड आणि ‘प्रेझेंट’ पुन्हा उघड. तिथे 0-2 झालेलं दिसलं की मी वर लिहिलेलं सगळं एकदम उलगडेल. मग एसीपीआयडम्प या साधनाने तक्ते काढ, आयएएसएल या साधनाने ते वाचता येतील असे उलगड आणि ती मेथड स्वतः शोध.

मित्रांचं म्हणणं मला पटत नाही. या कामाच्या जागा वेब डेव्हलपमेंटइतक्या निघत नाहीत, हे खरं. पण व्हर्च्युअल मशीनला चालू असताना सीपीयू वाढवून देतानाही हीच यंत्रणा वापरली जाते, आणि फर्मवेअर व कर्नल दोन्हीकडचं वाचता येणारी माणसं कमी आहेत. त्यासाठी सी भाषा पक्की कर. ईडीके-2 (फर्मवेअरचा कोड) आणि लिनक्सचा एसीपीआयचा कोड, दोन्ही खुले आहेत. रोज थोडा वाच.

आणि सेमिनारला स्लाइड कमी ठेव. सगळ्यांसमोर तो तिसरा सीपीयू जोडून दाखव.