वाचक विचारतात : बोलोन्याचा कलता मनोरा सरळ का करत नाहीत?

प्रश्न : नमस्कार. इटलीला जायचं ठरतंय, आणि बोलोन्याचे ते दोन मनोरे बघायचेच असा माझ्या मुलीचा हट्ट आहे. पण आता कळलं की दोन्ही बंद आहेत. पिसाचा मनोरा सावरला ना, मग इथे काय अडलंय? आणि इतका धोका असेल तर वरचा भाग उतरवून का टाकत नाहीत?

उत्तर : वरचा भाग उतरवून झालाय हो, तोही साडेसहाशे वर्षांपूर्वी. दोघांमधला बुटका तो गारिसेंदा, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, तेव्हा साधारण ६० मीटर उंच होता, पण खालची जमीन खचून कलायला लागला म्हणून चौदाव्या शतकात वरचे बारा-एक मीटर काढून टाकले. आता उरलाय ४८ मीटर, आणि तरीही तीन मीटरहून जास्त बाहेर झुकलेला आहे.

पिसाचं म्हणाल तर तिथे मुख्य दुखणं जमिनीचं होतं. १९९० मध्ये मनोरा बंद केला, ज्या बाजूला तो वर उचलला गेला होता तिकडची माती पायाखालून हळूहळू काढली, कल साधारण ४० सेंटिमीटर कमी झाला आणि २००१ मध्ये लोकांना परत आत सोडलं. गारिसेंदाला तेवढ्याने भागणार नाही, कारण त्याच्या बुडाचा दगडच खराब झालाय. हा दगड म्हणजे सेलेनाइट, बोलोन्याच्या जवळच्या टेकड्यांमधला, चकाकणारा, दिसायला फार सुंदर, पण शेवटी तो जिप्समच, पाण्याने झिजतो आणि तापला की त्याच्यातलं पाणी निघून जाऊन भुसभुशीत होतो. आणि पूर्वी या मनोऱ्याच्या बुडाशी लोहारांच्या भट्ट्या पेटायच्या! त्यात भिंत सलग नाही, आत एक, बाहेर एक अशा दोन भिंती आणि मधे दगडगोटे नि चुन्याचा भराव. त्यामुळे बाहेरून ठीकठाक दिसलं तरी आत काय चाललंय ते डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी सेन्सर बसवलेत, मनोरा किती हलतो आणि आत बारीक तडे जाताना कसले आवाज येतात तेही मोजतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या मोजणीत काळजीचं दिसलं म्हणून चौक अडवला, मग भोवती कंटेनर रचून जाळ्या लावल्या, म्हणजे काही पडलंच तर बाजूच्या घरांवर जाऊ नये. दुसरा मनोरा, ९७ मीटरचा आसिनेल्ली, अगदी लागून आहे म्हणून तोही बंद. पुढे पिसाला वापरलेले लोखंडी मनोरे आणि केबलच इथे आणले, आधार देऊन मग बुडाच्या दुरुस्तीला हात घालायचा म्हणून. हे काम वर्षानुवर्षं चालणारं आहे आणि मला विचाराल तर घाई न करणंच बरोबर, कारण जुन्या दगडात नवा माल भरताना प्रमाण चुकलं तर भिंत आणखी फुटेल. पाडून नवीन बांधा म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोलोन्याने रस्ता मोठा करायला इथलेच शेजारचे जुने मनोरे पाडले, ते काही परत आले नाहीत.

मुलीला मात्र नक्की घेऊन जा. दोन्ही मनोरे जरा लांबून, रिझोली रस्त्यावरून छान दिसतात. आणि चढायचंच असेल तर तस्कनीत सान जिमिन्यानो गाठा, तिथल्या सत्तरेक मनोऱ्यांपैकी चौदा-एक उभे आहेत, त्यातला ५४ मीटरचा तोर्रे ग्रोस्सा चढता येतो.